बाळंतिणीपाशी कोण आहे

यारेली आभार मानायला आली, त्याच सकाळी ऋजुताने तिचा आलेख पुन्हा एकदा चालवून पाहिला होता.

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, पीच आणि बदामाच्या बागांच्या कडेला तो दवाखाना होता. ऋजुता सबनीस तिथे डॉक्टर नव्हती. ती संख्याशास्त्रज्ञ होती. पण येणाऱ्या मेक्सिकन बायका तिला ‘डॉक्तोरा’ म्हणत, आणि ते दुरुस्त करण्याचा नाद तिने केव्हाच सोडला होता.

“हीच ती,” दोन्या रोसाउरा दारातूनच म्हणाली. रोसाउरा दवाखान्याची आरोग्यसेविका; ‘दोन्या’ म्हणजे बाई, सगळे तिला मानाने तसंच म्हणत. साठीची, ठेंगणी, गावातल्या निम्म्या बायकांना त्यांच्या मुलांच्या वाढदिवसांसकट ओळखणारी. “हिनेच तुझी माद्रिना बनवली.”

यारेली तेवीस वर्षांची होती, पण चेहऱ्यावरून सोळाची वाटली असती. छातीशी शालीत बांधलेलं बाळ होतं. तिने ऋजुताचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“तुम्ही नसतात तर मातेओला आई नसती, डॉक्तोरा.”

“बघतोय कसा ते बघा,” रोसाउरा शालीत डोकावून म्हणाली. “पोटभर पिऊन पोलिसासारखा बघतोय. आता कागद मागेल.”

यारेली हसली आणि हसता हसता तिने पोटावर हात दाबला. टाके अजून ओढत होते. बाळंतपणानंतर तिच्या गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला. रुग्णवाहिका पोहोचली तेव्हा ती शुद्धीत नव्हती. तिला वाचवण्यासाठी गर्भाशय काढावं लागलं.

“यंत्रानेच गाडी बोलावली,” ती म्हणाली. “मला तर उठताही येत नव्हतं.”

ऋजुता म्हणाली, “आता बरी आहेस ना?” आणि आपला हात सोडवून घेतला. यारेलीला ते लाजणं वाटलं असावं. तिने जाताना ऋजुताच्या गालाला गाल लावला.

यंत्राने गाडी बोलावली होती हे खरंच होतं. पण त्याने ती दीड दिवस उशिरा बोलावली होती. आणि तो उशीर यंत्राला ऋजुताने शिकवला होता.

*

माद्रिना म्हणजे बाळाची मानलेली आई. बारशाला बाळाला हातात धरते ती. पुढे आयुष्यभर त्या घराशी तिचं नातं राहतं. दवाखान्याने हे नाव एका लहानशा पट्टीला दिलं होतं. बाळंतिणीच्या गळ्याखालच्या हाडापाशी ती चिकटवायची. नाण्याएवढी, त्वचेच्या रंगाची. त्वचेचं तापमान, नाडी, श्वास आणि हालचाल ती सतत मोजत राहते.

बाळंतपणातले बरेच मृत्यू प्रसूतीच्या टेबलावर होत नाहीत, घरी गेल्यानंतरच्या आठवड्यांत होतात. रक्तदाब चढतो, रक्ताची गाठ होते, संसर्ग होतो. आणि या बायका त्या आठवड्यांत दवाखान्यात येत नाहीत. विमा नसतो, गाडी नसते, वाटेत कोणी अडवून कागदपत्रं मागेल ही भीती असते. म्हणून दवाखानाच त्यांच्या अंगावर चिकटवायचा, अशी ती कल्पना होती.

पण नुसते आकडे मोजून भागत नाही. त्यांचा अर्थ लावावा लागतो. संख्याशास्त्रात याला पूर्वधारणा म्हणतात. पुरावा हाती येण्याआधी आपण काय गृहीत धरतो, त्यावर त्या पुराव्याला किती वजन द्यायचं ते ठरतं. त्वचा गरम लागली, तर शेकोटीपाशी बसलेल्या बाईच्या बाबतीत तो काही विशेष पुरावा नाही. थंडीत उघड्यावर बसलेल्या बाईच्या बाबतीत तो मोठा पुरावा आहे. म्हणजे बाईबरोबर तिची खोलीही मोजली पाहिजे. पण बायकांनी पहिल्याच बैठकीत अट घातली होती: घरात बघणारं, ऐकणारं काही नको. आम्हाला मोजा, आमचं घर मोजू नका. आणि पांघरुणाखालच्या पट्टीला बाहेरची हवा कळत नाही.

पहिल्या वर्षी माद्रिनाची फजिती झाली. ती सारखी घाबरायची. कारण मेक्सिकोच्या गावांमधून आलेल्या बायका बाळंतपणानंतर चाळीस दिवस ‘क्वारेन्तेना’ पाळतात. बंद, गरम खोली. डोक्याला रुमाल, पोटाला घट्ट पट्टा, कोंबडीचं गरम सूप. थंड पाण्याला हात लावायचा नाही, अंथरुणातून उठायचं नाही. यंत्राच्या हिशेबात तापमान वाढलेलं आणि हालचाल थांबलेली, म्हणजे बाई धोक्यात. मग रुग्णवाहिका जायची. एकदा तिच्यामागोमाग पोलिसांची गाडीही आली आणि ते अख्खं कुटुंब मागच्या दाराने निघून गेलं ते परत आलंच नाही. बातमी पसरली. बायकांनी पट्ट्या उपटून कचऱ्यात टाकल्या.

तेव्हा बैठकीत ऋजुता म्हणाली होती, “हा आजार नाही. मला माहीत आहे हे. माझ्या आईने माझ्यासाठी हेच केलं होतं.”

मुलीच्या, ईराच्या बाळंतपणाच्या वेळी आई सांगलीहून आली होती. बॅगेत डिंक, खारीक, बाळंतशोपा, ओवा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने डिंकाची पिशवी उघडून हुंगली होती. आल्याबरोबर तिने घराच्या खिडक्या लावल्या, ऋजुताच्या कानांवरून रुमाल बांधला आणि सव्वा महिना तिला भिंतीकडे तोंड करून झोपायला लावलं. ऋजुता चिडायची. आता त्या चिडण्याचं तिने समीकरण केलं होतं.

तिने यंत्राला एक मुभा दिली. पट्टी लावताना बाईला विचारायचं: तू क्वारेन्तेना पाळणार आहेस का? ‘हो’ म्हटलं, की चाळीस दिवस तापमानाची मर्यादा थोडी वर न्यायची आणि कमी हालचालीकडे दुर्लक्ष करायचं. खोटे इशारे जवळजवळ थांबले. बायका पुन्हा पट्ट्या लावू लागल्या. एका परिषदेत ऋजुताचं कौतुक झालं. “शेवटी एखादीने समजून घेतलं,” असं रोसाउरा सगळ्यांसमोर म्हणाली होती.

त्या सकाळी ऋजुताने यारेलीचा आलेख मुभा काढून चालवला. इशारा दीड दिवस आधी आला. त्या वेळी नुसत्या औषधांनी भागलं असतं.

तिला एकच गोष्ट उमगली नव्हती. पहिल्या काही दिवसांत यारेलीची हालचाल एखाद्या कामावर जाणाऱ्या बाईइतकी होती. नंतर ती एकाएकी थांबली होती.

*

“मुभेमुळे किती बायकांनी पट्टी ठेवली ते तुला माहीत आहे,” डॉ. लिंडस्ट्रॉम म्हणाल्या. त्या दवाखान्याच्या प्रमुख. चांगल्या बाई होत्या, दमलेल्या. “त्यातल्या दोघींची रक्ताची गाठ आपल्याला वेळेत कळली. तू वाचवलेल्या बायका तुला भेटायला येत नाहीत, ऋजुता, इतकंच.”

“एक आली होती आज. आभार मानायला.”

लिंडस्ट्रॉमबाईंनी चष्मा काढला. “तिला काही सांगितलंस?”

“नाही.”

“सांगू नकोस. म्हणजे, आत्ता नको. आधी वकिलांना बघू दे. दवाखाना बंद पडला तर त्यात तिचंही भलं नाही.”

यात खोटं काही नव्हतं. हीच अडचण होती.

रोसाउरा बाहेर रजिस्टरच्या टेबलाशी बसली होती. ऋजुताने तिला आलेख दाखवला. तिने तो नीट पाहिला आणि मग पाहायचं थांबवलं.

“प्रश्न मी विचारला होता तिला,” ती म्हणाली. “ती हो म्हणाली.”

“कोण होतं तिच्याकडे, दोन्या रोसाउरा?”

“मी काय तिच्या घरात शिरून पातेल्यांवरची झाकणं उघडून बघू?” रोसाउराचा आवाज चढला. “हो म्हणाली! कुठली बाई नाही म्हणते? मीसुद्धा हो म्हटलं असतं.” मग तिने टेबलावरचा पेला उचलला, त्यात पाणी नव्हतं, तो परत ठेवला. “तुम्ही मला विचारायला शिकवलंत तेच मी विचारलं.”

*

शनिवारी ऋजुताने ओट्यावर फोन टेकवला आणि कढईत तूप घातलं. पलीकडे सांगलीत आई अंगणात वाळवण काढत होती.

“डिंक आधी थोडा थोडा तळ. एकदम टाकलास तर आत कच्चा राहतो,” आई म्हणाली. “पण कोणासाठी गं?”

“एक बाळंतीण आहे.”

“आपल्यातली?”

“मेक्सिकन.”

“अगं बाई! मग ती खाईल का डिंक?”

“त्यांच्यातही चाळीस दिवस पाळतात, आई. रुमाल, पोटपट्टा, सगळं.”

“बघ! आणि मला म्हणायचीस, आई, तुझं अती होतं.” आईला मनापासून आनंद झाला. “आई आलीय का तिची?”

“माहीत नाही. असेल कोणीतरी.”

“असेल म्हणजे? बाळंतिणीला लाडू नेतेयस आणि तिच्यापाशी कोण आहे ते ठाऊक नाही? सव्वा महिना काय बाईने एकटीने पाळायचा असतो? मेलं कोणीतरी राबायला लागतं त्याला. मी तुझ्याकडे दोन महिने उभी होते, पाय सुजले होते माझे. तू नुसती आडवी होतीस.”

डिंक फुलून वर आला. ऋजुताने झारा हातात धरलेला होता, पण ती तो उपसत नव्हती.

“अगं, करपेल तो!” आई ओरडली. “आणि लाडू स्टीलच्या डब्यात दे. माझा तो झाकणाचा डबा तिकडेच राहिलाय ना? त्यात दे.”

*

खोऱ्यात हिवाळ्याचं धुकं बसलं होतं. यारेलीचं घर म्हणजे पीचच्या बागेच्या टोकाला उभं केलेलं चाकांवरचं लांबट घर. पत्र्याच्या भिंती. ऋजुता आत शिरली तेव्हा पहिल्यांदा तिला थंडी जाणवली. एकच हीटर होता, तो बाळाच्या टोपलीशेजारी लावलेला. यारेली स्वेटरवर स्वेटर घालून सिंकपाशी भांडी विसळत होती.

“डॉक्तोरा! बसा ना. कॉफी ठेवते.”

“तू बस. मी ठेवते.”

“पाहुण्याने कॉफी ठेवायची?” यारेलीने तिला खुर्चीवर बसवलंच.

ऋजुताने डबा टेबलावर ठेवला. आमच्याकडे बाळंतिणीला हे देतात, कंबर घट्ट होते, असं सांगितलं. यारेलीने झाकण उघडून वास घेतला. “जायफळ,” ती म्हणाली. “माझी आई चॉकलेटमध्ये घालते.”

“आई कुठे असते?”

“तिकडे मेक्सिकोत, मिचोआकानला. बाळ झालं तेव्हा फोनवर होती. नर्सने फोन उशीशी धरला होता.” ती थांबली. “व्हिसासाठी एकदा गेली होती बिचारी. दोन मिनिटांत परत पाठवलं. तुमची आई?”

“आली होती,” ऋजुता म्हणाली. आईचा व्हिसा आठवड्याभरात झाला होता. ते तिने सांगितलं नाही. “यारेली, घरी कोण होतं तुझ्यापाशी?”

“नवरा वॉशिंग्टन राज्यात, सफरचंदाच्या छाटणीला. त्याचे दोन चुलतभाऊ राहतात इथे. चांगले आहेत. पहाटे जातात, अंधार पडल्यावर येतात.”

“मग स्वयंपाक?”

यारेलीने खांदे उडवले. “मीच. ते भाडं भरतात. उपाशी कसं ठेवणार?”

पहिल्या दिवसांतली ती हालचाल. ऋजुताच्या डोळ्यांपुढे आलेखाची रेघ उभी राहिली आणि तिच्या जागी सिंक दिसू लागलं, गार पाणी, तिघांच्या थाळ्या.

“मग एक दिवस उठवेना,” यारेली सांगत होती. “थंडी वाजत होती, सगळ्या गोधड्या अंगावर घेतल्या. त्या दोघांना वाटलं, बाळंतीण आहे, पडून राहणारच. दार लोटून हळूच गेले, मला त्रास नको म्हणून.”

यंत्रालाही नेमकं तेच वाटलं होतं.

“रोसाउराने विचारलं होतं तेव्हा तू हो म्हणालीस. क्वारेन्तेना पाळणार म्हणून.”

यारेलीने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. “नाही कशी म्हणू? नाही म्हणजे, मला कोणी नाही असंच ना? आणि दोन्या रोसाउरा माझ्या आईच्या वयाची. तिला वाटलं असतं, हिला काही शिकवलंच नाही घरच्यांनी.”

वकिलांच्या आधी बोलायचं नाही, हे ऋजुताच्या डोक्यात होतं. दवाखाना बंद पडला तर काय, हेही होतं. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि साध्या स्पॅनिशमध्ये, एकही वाक्य न सजवता, सगळं सांगितलं. मुभा कोणाची कल्पना होती. यंत्राने काय पाहिलं आणि ते गप्प का बसलं. दीड दिवस. मुभा नसती तर काय झालं असतं.

मातेओ कुरकुरला तेव्हा यारेलीने उठून त्याला घेतलं आणि उभ्यानेच झुलवत राहिली.

“म्हणजे ते राहिलं असतं,” ती शेवटी म्हणाली. “आतलं.”

“बहुतेक. हो.”

“तुम्हाला कसं वाटलं, माझ्यापाशी कोणी असेल म्हणून?”

“माझ्यापाशी होतं,” ऋजुता म्हणाली.

“मला मुलगी हवी होती. यानंतर.” यारेलीचा आवाज अजिबात चढला नाही. “आई म्हणायची, तुला मुलगी झाली की तिची क्वारेन्तेना तू करशील, मग तुला कळेल मी काय केलं असतं ते. आता मी कोणाची करू, डॉक्तोरा?”

बाहेर धुक्यात कुठलं तरी कुत्रं भुंकलं. ऋजुता म्हणाली, “मला माफ कर.” स्पॅनिशमध्ये ते फार छोटं वाक्य आहे.

“बाळाला झोपवायचंय मला,” यारेली म्हणाली आणि दाराकडे बघत राहिली.

*

लिंडस्ट्रॉमबाई ओरडल्या नाहीत. “मला विचारायला हवं होतंस,” एवढंच म्हणाल्या. मग ऋजुताने त्यांच्यापुढे नवी योजना ठेवली. मुभा नुसत्या उत्तरावर द्यायची नाही. पट्ट्या दोन असतील, एक बाळंतिणीला, दुसरी तिची काळजी घेणाऱ्या बाईला. दोन्ही पट्ट्या दिवसातून पुरेसा वेळ एकमेकींच्या जवळ आल्या तरच यंत्राने क्वारेन्तेना चालू आहे असं मानायचं. घर मोजायचं नाही ही अटही त्यात पाळली जात होती.

“आणि जिच्याकडे दुसरी पट्टी लावायला कोणीच नाही?”

“तिच्याकडे आपण माणूस पाठवायचं. रोज.”

“माणसाला पगार लागतो, ऋजुता. पट्टीला लागत नाही. म्हणून तर आपल्याला ही पट्टी मंजूर झाली.”

या प्रश्नावर ती बैठक संपली. वकिलांचा निर्णय यायचा होता. तोवर मुभा बंद ठेवायचं ठरलं. माद्रिना पुन्हा घाबरू लागली. एका घरी गाडी गेली, तिथे सासूने सुनेसाठी खोली गरम केली होती, बाकी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या सुनेने पट्टी काढून टाकली. तिला पुढे काही झालं, तर आता ते कोणालाच कळणार नव्हतं. ऋजुताला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर ओझं उतरेल. ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आलं होतं.

संध्याकाळी ती ईराला आंघोळ घालत असे तेव्हा, टॉवेलमध्ये गुंडाळून पुसताना, तिच्या मनात हटकून येई: हिची मी करेन. मग ती घाईघाईने पुसू लागे.

काही आठवड्यांनी रोसाउरा तिच्या खोलीत आली. हल्ली ती पूर्वीसारखं दारातून बोलत नसे. तिच्या हातात आईचा स्टीलचा डबा होता.

“यारेलीने दिलाय. मी जाते तिच्याकडे आता, कामावरून सुटल्यावर. सूप नेते. चाळीस दिवस होऊन गेलेत केव्हाच, पण नेते.”

“लाडू?”

“खाल्ले. पहिला माझ्यासमोर खाल्ला. खाताना रडली, पण खाल्ला.”

“काही म्हणाली?”

“नाही.” रोसाउरा उभीच राहिली, मग निघून गेली.

डबा हलका होता, पण हलवल्यावर आत काहीतरी वाजलं. ऋजुताने झाकण उघडलं. तुपाचा आणि जायफळाचा वास अजून होता. डबा घासूनपुसून लख्ख केलेला होता, आणि तळाशी यारेलीची पट्टी होती. तिच्यामागचा चिकटपणा धुऊन काढलेला.

डबा रिकामा परत करायचा नसतो, हे ऋजुताने तिला सांगितलं नव्हतं.